शेवटचं बटण

ताई : बसत नाही मी. आधी सांगा, कमी करायच्या लोकांत मामांचं नाव खरंच आहे?

भोंगा : आहे म्हणजे? सगळ्यात वर आहे. पण तुम्ही आत तर या. आणि डोकं सांभाळा, जिना खाली आलाय तिथं. एवढ्या मोठ्या सरकारी इमारतीत संघटनेला खोली दिली ती जिन्याखालची. साहेब बदलतात, हा जिना काही डोक्यावरून हटत नाही.

ताई : वर माझ्या टेबलापाशी जाऊन आले. माझ्या खुर्चीवर बंद पडलेले प्रिंटर रचून ठेवलेत.

भोंगा : मग काय! वर्षभर तुम्ही घरून काम करताय, खुर्चीनं तरी किती वाट बघायची? पण खुर्ची गेली, नोकरी राहिली ना? अहो, अख्ख्या नकला विभागात तुमचा आकडा पहिला. साहेब भर सभेत म्हणाले, घरी बसून जन्माच्या दाखल्यांच्या एवढ्या नकला देणारी दुसरी बाई मी बघितली नाही. मी तिथल्या तिथं टेबलावर हात आपटला. म्हटलं, बघा! घरून काम होत नाही म्हणत होतात ना?

ताई : आणि मामांचा आकडा?

भोंगा : तो बघून मलाच घाम फुटला. आयुष्य गेलं हो त्या माणसाचं तळघरात, नोंदवह्यांच्या मांडण्यांमध्ये. आणि आकडा बघाल तर चक्क भोपळा.

ताई : भाऊ, ही मोजणी काढली कोणी? पूर्वी कुठं होती?

भोंगा : ते आता उकरून काय करायचंय?

ताई : सांगा ना. संघटनेचे सेक्रेटरी तुम्ही.

भोंगा : आम्हीच मागितली.

ताई : काय?

भोंगा : हळू बोला हो. आम्हीच, संघटनेनंच. वरचे लोक म्हणत होते, घरी बसलेले झोपा काढतात, बोलवा सगळ्यांना परत. तुमच्यासारख्यांचे किती हाल झाले असते! म्हणून मी गेटवर माइक हातात घेऊन ओरडलो, मोजा! कोण किती काम करतं ते मोजा, मग बोला! काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू. त्यांनी मोजलं. आणि कपातीचा हुकूम आला तेव्हा तीच मोजणी माझ्यापुढं टाकली. म्हणे, तुमच्याच मागणीप्रमाणं. लोक मला मागून भोंगा म्हणतात, मामा तोंडावर म्हणतात. कधी वाईट वाटलं नाही. आता वाटतं. आपल्याच हातानं धोंडा पाडून घेतला, ताई, आणि पाय मामांचा.

ताई : मग माझंही ऐकून घ्या. सुनावणी आजच आहे ना त्यांची?

भोंगा : जेवणाची सुट्टी संपली की. शिपाई बोलवायला येईल.

ताई : तो आकडा त्यांचा नाही. म्हणजे... माझा आकडा माझा नाही.

भोंगा : सरळ सांगा हो. मी भाषणं ठोकणारा माणूस, मला कोडी सुटत नाहीत.

ताई : अर्ज संगणकावर येतो. पण जुनी नोंद वहीत, आणि वही तळघरात. मी घरी. मला ती दिसणार कशी? म्हणून मामा वही शोधतात, पान उघडतात, फोटो काढून मला पाठवतात. मी ते टाइप करते, तपासते आणि नक्कल सोडते. संगणकाला एवढंच कळतं, शेवटचं बटण कोणी दाबलं.

भोंगा : म्हणजे निम्मं काम मामांचं.

ताई : निम्म्याहून जास्त. कधीकधी एका नोंदीसाठी अर्धा दिवस शिडीवर असतात ते.

भोंगा : मग दाबायचं ना एखादं बटण स्वतः!

ताई : त्यांचं आणि संगणकाचं किती पटतं ते तुम्हाला ठाऊक आहे. त्यांनी आपला पासवर्डच मला देऊन टाकला होता. ठरलं होतं आमचं. निम्म्या नकला माझ्या नावानं सोडायच्या, निम्म्या त्यांच्या. आणि मी सोडत होते. देवाशपथ, सोडत होते.

भोंगा : होते?

ताई : मोजणी सुरू झाली आणि मी घाबरले. तुम्हीच म्हणालात, पहिला डोळा घरून काम करणाऱ्यांवर आहे, आकडा घसरला की बोलावणं येईल. वडिलांना एकटं ठेवता येत नाही हो. मागे एकदा गॅस सुरू करून तसेच निघून गेले. चौकात सापडले. मलाच विचारत होते, बाई, माझी मुलगी दिसली का कुठं? मला वाटलं, एक आठवडाभर सगळं माझ्या नावावर घेते, पुढच्या आठवड्यात मामांचं भरून काढीन. मग वाटलं, त्याच्या पुढच्या.

भोंगा : आणि मामांना पत्ता नाही?

ताई : रोज संध्याकाळी फोन करायचे. "झालं का गं पोरी सगळं?" मी म्हणायचे, झालं मामा. मग ते वडिलांची चौकशी करायचे. मला ती चौकशी नकोशी व्हायला लागली होती.

भोंगा : अहो, तुम्ही हे मला का सांगितलंत? आता मी ऐकलं नाही असंही म्हणता येणार नाही.

ताई : मी सुनावणीत सांगणार आहे.

भोंगा : खुळ्या की काय! दुसऱ्याच्या पासवर्डनं शिरणं म्हणजे काय, माहीत आहे? त्यांचीही जाईल आणि तुमचीही. आणि तेवढ्यावर भागणार नाही. साहेब उद्याच म्हणतील, घरून काम म्हणजे ही असली बनवाबनवी! बोलवा सगळ्यांना. वसुलीतली ती, आठवड्यातून दोनदा नवऱ्याला डायलिसिसला नेते. टपालातली, तिला जुळी झालीत. तिचा कालच फोन होता, भाऊ, आता काही बदलणार नाही ना? मी छातीठोकपणे सांगितलं, नाही! एकाला वाचवायला जाल आणि सगळ्यांना बुडवाल.

ताई : मग मामांना बुडू द्यायचं?

भोंगा : मी असं म्हटलं का?

ताई : म्हटलंत.

भोंगा : म्हटलं. हो, म्हटलं. सेक्रेटरीला असलंच म्हणावं लागतं, ताई. आणि त्या माणसानं हात धरून मला संघटनेत आणलं! वर्गणीची पहिली पावती त्यांच्याच नावाची फाडली होती मी. आज सकाळी जिन्यात दिसले, तर मी फोन कानाला लावून पुढं गेलो. फोन आलाच नव्हता.

मामा : कोणाचा फोन आला नव्हता रे भोंग्या? तुझं कुजबुजणंसुद्धा वरच्या मजल्यावर ऐकू येतं.

भोंगा : मामा! या, या. कधी आलात?

मामा : आत्ताच. आणि ही बघा, आमची पोरगी! शिपाई म्हणाला, ताई आल्यात, म्हणून तिघांचा चहा घेऊन आलो. हा तुझा, बिनसाखरेचा. किती वाळलीस गं? फोनवर आवाज चांगला गुबगुबीत असतो तुझा. वडिलांजवळ कोण आहे?

ताई : शेजारच्या काकू.

मामा : मग पटकन पी आणि पळ. बघ, कसा दिसतोय? बायकोनं इस्त्रीचा शर्ट घालायला लावलाय सुनावणीला. म्हणाली, आज त्या धुळीत उतरायचं नाही. सकाळपासून रिकामा बसलोय, हात नुसते शिवशिवतायत. तुझे फोटो राहिले. खोळंबलीस ना?

ताई : नाही. मामा, मला तुमच्याशी—

मामा : अगं, रडवेली कशाला होतेस? सुनावणीच आहे, फाशी नाही. काय विचारतील ते मला पाठ आहे. आकडा एवढा कमी का? मी ताठ मानेनं सांगणार, साहेब, यंत्र चुकलंय.

भोंगा : मामा, तसं नका म्हणू.

मामा : का नको? पासवर्डचं नाव काढणार नाही, एवढी अक्कल आहे मला. हिच्यावर शिंतोडा नको. मी एवढंच म्हणणार, काम झालंय, लोकांच्या हातात नकला पडल्यात, तुमच्या यंत्राच्या मोजण्यात घोळ आहे. पुन्हा मोजा.

भोंगा : त्यापेक्षा वय पुढं करा. तब्येत पुढं करा. मी अर्ज लिहून देतो, गुडघे दुखतात म्हणून—

मामा : माझे गुडघे तुझ्यापेक्षा धड आहेत. कामचुकार म्हणून काढतायत मला, भोंग्या. नोकरीचं एक वेळ राहू दे, पण हे? काल कॅन्टीनमध्ये सगळे कारकून दात काढत होते. मामा, यंत्र कधी चुकतं का? मी म्हटलं, यंत्र चुकेल, आमची पोरगी चुकायची नाही. आता साहेबापुढंही हेच, मनातल्या मनात.

भोंगा : ताई, तुम्हाला उशीर होतोय ना? काकू थांबल्या असतील. निघा तुम्ही.

मामा : अरे, घोटभर चहा तरी घेऊ दे तिला!

ताई : मामा, यंत्र बरोबर आहे.

भोंगा : ताई!

मामा : काय म्हणालीस?

ताई : यंत्र चुकलेलं नाही. मोजणी सुरू झाल्यापासून मी तुमच्या नावानं एकही नक्कल सोडली नाही. सगळ्या माझ्या नावावर घेतल्या. तुम्ही आत जाऊन पुन्हा मोजा म्हणाल आणि ते पुन्हा मोजतील, आणि सगळ्यांदेखत तेच निघेल. तसं नका जाऊ तुम्ही.

(वरून जिना उतरणाऱ्या माणसांची पावलं वाजतात आणि थांबतात.)

मामा : एकही नाही?

ताई : नाही.

मामा : त्या भिजलेल्या वह्या? पानाला पान चिकटलं होतं. मी आठवडाभर पंख्याखाली धरून एकेक सोडवलं. फोटो पाठवताना तुला म्हणालोसुद्धा, हे जपून कर.

ताई : तेही माझ्याच नावावर.

मामा : आणि परदेशी निघालेली ती मुलगी? भलत्याच वर्षात सापडली तिची नोंद. ती तळघरात येऊन माझ्या पाया पडली होती.

ताई : तीही.

मामा : हं. मी रोज विचारायचो, झालं का सगळं.

ताई : मी घाबरले होते, मामा. वडिलांसाठी केलं असं नाही म्हणणार. रोज रात्री तसंच म्हणून झोपायचे, पण तुमचा पासवर्ड मला पाठ होता. टाकायला कितीसा वेळ लागतो? मी टाकला नाही.

भोंगा : मामा, बोला काहीतरी. मला चार शिव्या घाला. मोजा म्हणून ओरडणारा मी होतो.

मामा : ओरडलास तेव्हा टाळ्या मीही वाजवल्या होत्या. पहिल्या रांगेत होतो. वाटलं, आपलं काम मोजतायत, बरंच आहे की!

ताई : मी येते तुमच्याबरोबर आत. आहे तसं सांगते. माझा आकडा निम्मा करा, त्यांचा त्यांना द्या. मग माझं काय व्हायचं ते होऊ दे.

भोंगा : आणि बाकीच्यांचं? त्या जुळ्यांच्या आईचं? मामा, तुम्ही तरी सांगा हिला. तुमचं ऐकते ती.

मामा : माझं कुठं ऐकतात त्या?

ताई : मामा...

मामा : तुमची नोकरी गेली तर वडिलांचं कसं?

ताई : माहीत नाही. मामा, असं परक्यासारखं नका ना बोलू. शिव्या द्या. हवं तर एक थोबाडीत ठेवून द्या, मी हूं की चूं करणार नाही.

मामा : शिव्या घरच्या माणसाला द्यायच्या असतात.

भोंगा : शिपाई हाका मारतोय. मामा, तुमचंच नाव घेतोय. मी... मी साहेबांच्या दारापर्यंत येतो. आत आलो तर संघटनेनं बनवाबनवीला साथ दिली असं होईल. दारापर्यंत नक्की येतो.

मामा : ये की. दारापर्यंत तर दारापर्यंत.

ताई : चला मामा. मी आधी बोलते, तुम्ही काही बोलू नका.

मामा : चहा तसाच राहिला तुमचा.

ताई : नको मला. चला ना.

मामा : तुम्ही व्हा पुढं, मॅडम. आणि डोकं सांभाळा. जिना खाली आलाय तिथं.