विस्तव मागायला

पंच्याऐंशी सालची गोष्ट. गॅसच्या रांगेत महिपत रिकामी टाकी पायाने पुढे ढकलत उभा होता. मंडणगडहून बदली होऊन रत्नागिरीत आल्याला महिना झाला, तरी ओळखीचं कुणी नव्हतं. पुढे एक म्हातारी आणि एक तरणी बाई बोलत होत्या.

“मावशी, पंधरा दिवसांत टाकी संपली? गळत असेल.”

“नाय गो. साबणाचा फेस लावून बघितला, एक बुडबुडा आला नाय. नळीपण नवी हाय.”

“रात्री टाकीचा कॉक बंद करता ना?”

“बंद? म्हणजे शेगडी विझवायची?”

“मग? रात्रभर पेटती ठेवता?”

“बारीक. सासूने पहिल्याच दिवशी सांगितलं, घरातला विस्तव विझू द्यायचा नाय. चाळीस वर्षं निखारा राखेखाली जपला. सकाळी अर्धी आळी करवंटी घेऊन दारात यायची, विस्तव मागायला. बसून दोन गोष्टी बोलायची.”

“अगं बाई! वाऱ्याने ज्योत गेली नि गॅस सुटला तर?”

“शेगडी बाहेर पडवीत हाय. नि मी बाजूलाच निजते, राखणीला.”

“घरासकट जाल, मावशी! आजपासून कॉक बंद. माझी शपथ आहे तुम्हाला.”

“करते हो. पण कोणी मागायला आलं तर?”

“आता घरोघरी काडेपेटी असते.”

“ती तेव्हापण होती की.”

रांग पुढे सरकली. म्हातारी म्हणाली, “खरं सांगू? शेगडी आल्यापासून एकपण माणूस आलं नाय.”

महिपतने टाकी पुढे ढकलली नि विचारलं, “मावशी, तुमचं घर कुठल्या आळीत?”