फितीवरचं नाव

शिकागोतला दूधवाला हॅल्वर्सन ट्राममध्ये मांडीवर बॅग घेऊन बसला होता. चोरट्या दारूवर गब्बर झालेल्या गुंडाविरुद्ध आज त्याची साक्ष होती, पण तो निघाला होता रेल्वे स्टेशनला. पुढच्या बाकावर दोन बायका बोलत होत्या.

“यादविगामावशी, कोण गेलं? एवढं मोठं पुष्पचक्र?”

“माझंच आहे. सकाळी दारात ठेवून गेले. फितीवरचं नाव वाच की.”

“अगं बाई. साक्ष देऊ नये म्हणून?”

“नाहीतर काय, वाढदिवस आहे माझा?”

“मग हे घेऊन कुठे?”

“कोर्टात. जजसाहेबांनाही दिसू दे.”

“भीती नाही वाटत?”

“वाटते ना. आज पाव करपले सगळे. पण तो सरकारी साहेब एवढी वर्षं त्या गुंडाच्या मागे धावतोय. ‘मी पाहिलं’ म्हणणारं कुणी नको?”

“तुम्ही एकट्याच?”

“एक दूधवाला होता. त्या दिवशी मला बेकरीच्या खिडकीतून पाठमोरा दिसला. येईल तो.”

“कशावरून?”

“गोळीबारानंतर सगळे पळाले. तो त्या जखमी पोराचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता.”

स्टेशन आलं आणि मागे पडलं. कोर्टापाशी हॅल्वर्सन उठला.

“द्या ते चक्र इकडे, मावशी. मलाही इथेच उतरायचंय.”