मार, धर, सोड

माझं नाव शोभा. माहेर नांदगावकडचं. बाजाराच्या वाटेला माझ्या बापाचं सायकलचं दुकान होतं, दुकान म्हणजे काय, चार पत्रे, एक पंप आन पाण्यानं भरलेलं घमेलं, त्या घमेल्यापाशीच मी लहानाची मोठी झाले. पोरी फुगड्या खेळायच्या तवा मी ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडा कुठून निघतो ते बघत बसायची. बाप म्हणायचा, शोभे, हवा कधी खाली जात नाय, तिला वरचीच वाट लागते. लय गरीब माणूस, आयुष्यात कुणाला अरेला कारे केलं नाय त्यानं. त्याच्या पोटी मी अशी तिखट कशी निघाले कुणास ठाऊक, आजीवर गेले म्हणतात.

लग्न करून नाशकात आले, द्वारका चौकाच्या पलीकडं कॉलनीत. आधी आमचे हे म्हणायची, आता तो म्हणते, नाव घेत नाय. त्याची आठ शिटांची गाडी होती, सकाळी कारखान्याची माणसं ओझरला सोडायची, सांजच्याला आणायची. कामाला खाडा नाय, दारू नाय, लोकं म्हणायची नशीब काढलंस शोभा. पण हाताला लगाम नव्हता. भाजीत मीठ कमी, मार, मीठ जास्त, मार, आन हाताला येईल त्यानं, पट्टा म्हणू नका, लाटणं म्हणू नका. मीबी काय गप बसणारी नव्हते, मी शिव्या द्यायची, तो मारायचा, मी अजून द्यायची. अठरा वर्षं असं चाललं. खोटं कशाला सांगू, मला त्याची सवय झाली होती.

आम्हाला एकच पोरगी, रूपा. तिची तवा बारावी. परीक्षेचं सेंटर ओझरला आलं होतं, म्हणजे रोज बापाच्या गाडीत, पुढच्या शिटावर. सोमवारी पहिला पेपर आन रविवारी यानं गाडीचे ब्रेक घरी खोलायला काढले. घरी का, तर द्वारकेच्या मिस्त्रीची यानं कॉलर धरली होती, थोबाडीत दिली होती, ते एकानं दुसऱ्याला सांगितलं, मग कुठलाच गॅरेजवाला गाडी घेईना. मग हा म्हणाला, मीच करतो, त्यात काय अक्कल लागते.

पुढची दोन्ही चाकं उतरवली. चाकातल्या थाळीला दोन बाजूंनी पॅड आवळून धरतं ना, ते लोखंडी धूड, कॅलिपर म्हणतात त्याला, ते डावं आन उजवं दोन्ही एकदम काढून एकाच गोणपाटावर शेजारी शेजारी ठेवलं, धुतलं, पुसलं, नवे पॅड घातले, परत बसवलं. आन मला हाक मारली, ये, पेडलवर बस.

ब्रेकच्या नळीत हवा शिरली की पेडल नरम पडतं, उकडलेल्या बटाट्यात बोट घालावं तसं. मग ती हवा काढायला दोन माणसं लागतात. एक वर पेडलवर, एक खाली चाकापाशी. खालचा म्हणतो मार, की वरच्यानं तीनचार वेळा पेडल मारायचं. धर म्हटलं की दाबून धरायचं. मग खालचा कॅलिपरचा निपल, म्हणजे हवा सोडायचा बारका स्क्रू, ढिला करतो, फसफसून हवा आन ऑइल बाहेर पडतं, तो निपल बंद करतो आन म्हणतो सोड, मग पाय उचलायचा. मार, धर, सोड, बास, सगळं ब्रेकचं काम या तीन शब्दांवर चालतं.

आता त्यानं निपल ढिला केला आन स्वतःशीच म्हणाला, सोडला. मला ऐकू आलं सोड. मी पाय उचलला. निपल उघडा, हवा परत आत. पहिली चूक माझी, मी नाय म्हणत नाय. त्यानं मला केसाला धरून खाली ओढलं आन पाना नडगीवर घातला. इथं बघा, अजून खळगा हाय, बोट बसतं. परत वर बसवलं. दुसऱ्या खेपेला मी पाय नाय उचलला, तिसऱ्यालाबी नाय, दात खाऊन धरून ठेवला, तरी पेडल नरमच. ऑइलची बाटली संपली, दुसरी फोडली. दर खेपेला पेडल खाली गेलं की एक फटका, तुझा पाय खोटाय म्हणायचा. लोकं चहाचे कप घेऊन गॅलरीत उभी. रूपा पुस्तक छातीशी धरून दारात.

एकदा त्यानं ढकललं ते मी चाकापाशीच बसले पडून. नजर समोर गेली तर निपल नळीच्या खाली. उठले, लंगडत दुसऱ्या बाजूला गेले, तिकडंबी खाली. मला माझ्या बापाचं घमेलं दिसलं बघा. मी म्हटलं, अहो, कॅलिपरची अदलाबदल झालीय, डावं उजवीकडं बसलंय, निपल वर पाहिजे, हवा वरती कोंडून बसलीय, जन्मभर पाय मारला तरी निघायची नाय, उद्या पोरीला या गाडीत नेऊ नका. तो आधी हसला. सायकलवाल्याची पोर मला ब्रेक शिकवती म्हणाला आन जॅकचा दांडा पाठीत घातला. रूपा मधी पडली तर तिला वेणीला धरलं, म्हणाला चल, आत्ताच दाखवतो ब्रेक कसा लागतो ते.

तीनदा दाबलं की पेडल जरा वर यायचं, तेवढ्यावर त्याचा जोर. चाकं चढवली, पोरीला पुढं कोंबलं. पोरगी आत म्हटल्यावर मी मागं बसले, दुसरं काय करणार.

द्वारकेला सिग्नल पडला, पुढं ट्रक उभा. यानं पाय दाबला तो फळीला टेकला. परत दाबायला वेळ कुठंय. मी मागून दोन शिटांच्या मधून हात घालून हँडब्रेक ओढला. गाडीचा जोर मोडला पण गाडी फिरली आन डावी बाजू ट्रकवर गेली. डाव्या बाजूला रूपा. काच तिच्या तोंडावर, कोपराचं हाड बाहेर आलेलं मी माझ्या डोळ्यानं बघितलं. त्याला खरचटलंबी नाय. तो उतरला, मागचा दरवाजा उघडला, मला वाटलं पोरीला काढायला मदत करतोय. त्यानं माझे केस धरले, भर चौकात तोंडावर मारलं, म्हणाला तू पाय सोडलास म्हणून हे झालं. पोरगी आत ओरडतीय आन हा मला पाय शिकवतोय. शिटाखाली पाना पडला होता. ज्या हातानं केस धरले होते त्या मनगटावर मी तो पाना घातला, हात सुटला तरी घालत राहिले, हाड मोडल्याचा आवाज आला तरी घालत राहिले, चार माणसांनी मला मागं ओढलं. मला त्याचं वाईट वाटत नाय.

पोलीस आले, दोघांचं लिहून घेतलं. मी परत त्या घरात गेले नाय. ज्या मिस्त्रीची त्यानं कॉलर धरली होती त्यानंच मला काम दिलं, आधी पार्ट धुवायला, मग हळूहळू ब्रेकचं सगळं माझ्याकडं आलं. रूपाचं ते वर्ष बुडालं, पुढल्या वर्षी बसली आन पास झाली. आता ती दवाखान्यात रक्त तपासते, हाताखाली चार माणसं हायेत. कोपर मात्र सरळ होत नाय.

आता जे सांगते ते कुणाला सांगितलं नाय अजून. मागच्या महिन्यात रूपानं जुनी गाडी घेतली, ब्रेक मीच केले. ती पेडलवर, मी खाली. ऊन डोक्यावर, निपल गंजलेला, ऑइल डोळ्यात उडालं. मी धर म्हटलं आन तिचं लक्ष मोबाइलकडं, पाय उचलला गेला, हवा परत आत. माझं डोकं सणकलं. उठले, तिच्या दारापाशी गेले आन ओरडले, सोड म्हटलं का मी, सोड म्हटलं का तुला.

तर माझ्या पोरीनं, काय सांगू तुम्हाला, तो वाकडा हात तोंडावर घेतला आन डोळे मिटले. पाय पेडलवर गच्च, पार फळीपर्यंत. मी म्हटलं, उचल बाळा, उचल आता पाय. ती उचलेना. मी परत म्हटलं. ती डोळे न उघडता म्हणाली, आई, आधी पाना खाली ठेव.

तवा मी बघितलं. माझा हात डोक्याच्या वर होता.

पाना ठेवला. तिथंच रस्त्यावर बसले, लय वेळ. ती उतरली, पाणी दिलं आन परत जाऊन पेडलवर बसली, म्हणाली आता मी सांगते, तू ऐक. ती म्हणाली धरलाय, मग मी निपल खोलला. मी बंद केला म्हटलं, मग ती म्हणाली उचलते. पेडल दगडासारखं लागलं. तेव्हापासून आमच्या गॅरेजात असंच. खालच्यानं हुकूम सोडायचा नाय, पेडलवर बसलेला सांगंल तसं. मिस्त्री हसतो, म्हणतो असं कुठं असतं का. म्हटलं आमच्यात असतं.

तुमच्या गाडीचं पेडल नरम लागतंय म्हणालात ना? या, बसा वर. तुम्ही सांगा, मी खाली ऐकते.