बिनशिवणीचा झगा

प्रदर्शनातल्या काचेमागच्या झग्याला एकही शिवण नव्हती. समुद्री शेवाळाचा धागा यंत्राने सलग विणला होता. चिंधीभरही कापड वाया गेले नव्हते. पुढच्या दालनात चारही भिंतींच्या कापडावर प्रकाश हलत होता, आणि थोड्याथोड्यांनाच आत सोडत होते. रांगेत थांबलेल्या शिक्षिकेच्या कानावर पुढच्या सासूसुनेचे बोलणे आले.

“यात माया कुठे ठेवलीय गं?”

“शिवणच नाही, तर माया कशाला ठेवतील, आई?”

“मग उद्या अंग भरलं, तर उसवून सैल कसा करायचा?”

“तुमचा हात माया ठेवल्याशिवाय चालतच नाही.”

“तुझे कपडे मात्र आतच घेतेय. माझा लेक गेल्यापासून वाळत चाललीस.”

“आई, लोक ऐकताहेत.”

“ऐकू देत. ते ग्रंथपाल वर्षभर थांबलेत. लग्नाला हो की नाही, एवढंच विचारताहेत ना?”

“तुम्हाला एकटीला टाकून जाऊ?”

“मी काय गाठोडं आहे टाकायला? माझ्यासाठी अडून बसलीस, हे जन्मभर ऐकवणार आहेस का?”

“मी कधी ऐकवलं?”

“नाही ऐकवलंस. तेच जड जातं गं.”

रांग पुढे सरकली. दोघी जागच्या हलल्या नाहीत. शिक्षिकाही मागेच थांबली.

“तुम्हाला आई म्हणायचं सोडणार नाही मी.”

“सोडून तर बघ!”

“मग आजच सांगते त्यांना. मी लग्नाला तयार आहे.”