सासूबाईचं तैलचित्र

...अन् वरून आमचे हे मलेच विचारून राहिले, काहून वं मिनल, तोंड काहून उतरलं? उतरणार नाही तर का होईल! तुम्हाले सांगते, लग्न होऊन नागपुरात आली तेव्हापासून एकच आस आहे, सासूबाईनं आपलं एकदा तरी कौतुक करावं. पण नाव नाही! म्हणून म्हटलं, त्यायचंच चित्र काढू, जुन्या राजघराण्यातल्यासारखं, तेलरंगात, मंग तरी बोलतील! धरमपेठेत क्लास लावला. तिथं श्वेता मॅडमचं एकच, "मिनलताई, जे दिसते तेच काढायचं हं!"

घ्या! सासूबाईले जरीच्या लुगड्यात खुर्चीवर बसवलं. आता त्या जुन्या पद्धतीत पहिला हात सगळा करड्या रंगाचा, कातडीचा रंग मागून चढते. सासूबाई उठून पाहाले आल्या, अन् ओरडल्याच ना! "काहून वं, जित्या माणसाले राख फासून राहिली का?" समजावलं बाप्पा कसंतरी. रंग चढवला, तर म्हणे, "एवढं मोठं नाक आहे माहं?" आता जे दिसते तेच काढायचं ना? पण सांगता का सासूले? केलं लहान! "गाल भर जरासे." भरले! "उजळ कर, मी उन्हात बसली होती." पंख्याखाली बसल्या होत्या हो! अन् तेलरंग लवकर वाळतही नाही, पुसा अन् काढा, पुसा अन् काढा... हाच त्याचा मोठा गुण म्हणे! शेवटी मॅडम पाहाले आल्या. "छान जमलं! पण... ह्या कोण?"

मंग मी नीट पाहिलं. देवा! काटोलच्या यमुताई! सासूबाईच्या मोठ्या जाऊबाई हो, ज्यायच्या रूपाचं कौतुक ऐकून ऐकून आमच्या सासूबाई जन्मभर जळल्या, त्याच! अन् चित्र तर हॉलमध्ये टांगून झालेलं... अन् रविवारी दारात कोण? यमुताई! संत्र्याची थैली घेऊन! भिंतीकडे पाहिलं अन् डोळ्याले पदरच लावला. "सुभद्रे! माहा फोटो लावला वं तू?" सासूबाई एकदा माह्याकडे पाहेत, एकदा चित्राकडे. आता का म्हणतील, हे मी आहो म्हणून? गिळलं अन् म्हणाल्या, "लावणार नाही तर का, बाई! माह्या सुनेचा हात पाहा, कसं हुबेहूब काढलं! लाखात एक आहे सून माही!"

ऐकलं? एवढ्या वर्षांत पहिलं कौतुक, अन् तेही जाऊबाईच्या थोबाडापायी! मले हसावं का रडावं समजेना. यमुताई चित्र काखेत मारून काटोलच्या बसमध्ये बसल्या, अन् इकडे सासूबाई पुन्हा खुर्चीत! "चाल, आता माहं काढ. अन् या खेपेले माह्यासारखं काढजो, मागच्या वेळी नाक तुनंच आपल्या मनानं लहान केलं होतं!"

काढून राहिली बाप्पा... सांगता कोणाले?