पाणी मारलेली फरशी

तीन फेब्रुवारीला सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मी अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्यांच्याच गिऱ्हाइकासमोर अडाणी ठरवलं; वेळ इतकी नेमकी सांगते, कारण दगड हातात आला की आधी घड्याळ पाहायचं ही प्रयोगशाळेची सवय.

आमचं मूळ बिदरकडचं. आजोबांनी जमीन भावांकडे सोपवली, शहरात येऊन गौलीगुड्यात खोली घेतली, अप्पांनी पुढे दिलसुखनगरच्या पलीकडे फरशीचं दुकान टाकलं, त्या फरशीवरच माझं भूशास्त्राचं एम.एस्सी. झालं, आता मी इमारतींचे दगड तपासते, वरच्या पदावर डोळा ठेवून आहे, आणि काय सांगू तुम्हाला, घरी जेवतानाही मी शिकवतच असते, आई म्हणते, पोरी, आधी भात खा, चुनखडक नंतर.

त्या दिवशी मी सहज दुकानात डोकावले होते. कुमुदकाकू, आमच्या ओळखीच्या, आपल्या मंगल कार्यालयाच्या दर्शनी भिंतीसाठी दगड निवडत होत्या. अप्पांनी नेहमीप्रमाणे मगभर पाणी मारलं, कारण ओली फरशी पॉलिश केल्यासारखी दिसते, आणि निळसर दगडातून काळ्या नागमोडी रेषा उमटल्या. अप्पा म्हणाले, देखो काकू, नदी उतरलीय दगडात, असा माल अख्ख्या शहरात नाही. काकू हरखल्या. भाव, रंग, वाहतूक यांवर बराच वेळ बोलणं चाललं. तेवढ्यात बाकी फरशी वाळली, रेषा तेवढ्या ओल्याच राहिल्या.

त्याचं कारण असं, की चुनखडक समुद्रतळाशी थरांनी साचतो, वरच्या भारानं काही ठिकाणी त्यातला चुना विरघळून जातो आणि न विरघळणारी माती मागे उरते, तीच ही रेष. दिसायला सुरेख, पण पाणी तिथेच मुरतं आणि फरशी तिथेच उकलते. अंगणात एक वेळ चालेल. दारावर, वऱ्हाडाच्या डोक्यावर नाही.

हे मला अप्पांना बाजूला घेऊन सांगता आलं असतं. मी सगळ्यांसमोर सांगितलं, चढ्या आवाजात, रेषेवर बोट ठेवून, आणि वर म्हणाले, अप्पा, इतकी वर्षं दगड विकता, एवढंही माहीत नाही? काकू हसल्या, म्हणाल्या, अगं बाई, भाऊंनी घरातच मास्तरीण बाळगलीय की. मग गंभीर झाल्या, भाऊ, आता दगड देताना रिपोर्टही द्या, मगच बोलू. अप्पांनी पाण्याचा मग विसळला आणि खुंटीला अडकवला. त्यांना खरंच माहीत नव्हतं हो, त्यांनी कुणाला फसवलं नव्हतं. आणि मी बरोबर होते, हेच अवघड आहे, माफी नेमकी कशाची मागायची? तरी मागितली, तर म्हणाले, खरं ते खरं बेटा, त्यात काय.

गेल्या आठवड्यात ते दुसऱ्या खाणीतला, एकसारख्या बारीक कणांचा तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून प्रयोगशाळेत देऊन गेले, आणि आज निकालाला आले. आत बसा म्हटलं तर म्हणाले, नक्को, सगळे बाहेर बसलेत. इतका घट्ट दगड माझ्या हाताखालून क्वचितच गेला असेल, काकूंचं काम त्यांना मिळेल, देव करो आणि मिळो. मी कागद घेऊन बाहेर आले तर ते बाकावरून उठून उभे राहिले, इतर गिऱ्हाइकं उभी राहतात तसे, आणि चारचौघांत मला हळूच विचारलं, मॅडम, काय निघालं?

मी खाली बघूनच वाचलं. पाणी शोषण, शून्य पूर्णांक तीन टक्के.