मौजे कुंडरईची बंधी उघडल्याबाबत

ता. १९ ऑक्टोबर १९४३, मंगळवार, सकाळी ११ वाजता.

नाव शरयू श्रीरंग सुभेदार, वय वर्षे ४१, धंदा शेती, राहणार मौजे कुंडरई, जबलपूर शहरापासून सात मैल. मातृभाषा मराठी असल्याने व हेड कॉन्स्टेबल पुंडलिक हे भंडाऱ्याकडील असून मराठी लिहू शकत असल्याने जबाब मराठीत देत आहे.

समक्ष ठाण्यावर येऊन, विचारल्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी सासरे विष्णुपंत, वय ७८, यांच्यासह राहते. माझे पती तोफगाड्यांच्या कारखान्यात फिटर आहेत. लढाईमुळे कामाचे तास वाढले आहेत, म्हणून ते शहरात कांचघर येथे खोली घेऊन राहतात व रविवारी गावी येतात. सुभेदारांचे घर कुंडरईत भोसल्यांच्या अमलापासून आहे. सासऱ्यांची दृष्टी चार वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून शेती मी पाहते.

गावात सत्तेचाळीस शेतकरी असून जमीन दोनशे वीस एकर आहे. प्रत्येक शेताला चारी बाजूंनी मातीची उंच पाळ आहे. अशा शेतास आम्ही बंधी म्हणतो. पावसाळाभर बंधीत पाणी कोंडून ठेवतो. दसऱ्यानंतर पाळ फोडून पाणी नाल्यात सोडतो व ओल्या मातीत गहू आणि हरभरा पेरतो. पुढे पाण्याची गरज पडत नाही. ही रीत नवीन नाही.

जुलै महिन्यात एका जमीन व बांधकाम कंपनीचे मॅनेजर शैलेंद्रबाबू गावात आले. कारखान्याच्या कामगारांसाठी नऊशे क्वार्टर, बाजार व सिनेमागृह बांधण्याकरिता आमची सर्व जमीन बिनशेती करून मिळावी, असा अर्ज कंपनीने सरकारात केल्याचे त्यांनी सांगितले. गावाचे जमीनदार, म्हणजे मालगुजार, नागपूरला राहतात. त्यांनी होकार दिल्याचे आम्हास त्याच दिवशी कळले. अर्जास कंपनीने फोटो जोडले होते. ते गेल्या सालच्या ऑगस्टमध्ये काढलेले होते. त्यात सगळीकडे पाणीच होते. खाली लिहिले होते की जमीन दलदलीची असून लागवडीस निरुपयोगी आहे.

मी हरकतीचा अर्ज लिहिण्यास घेतला तेव्हा शैलेंद्रबाबू आमच्या ओसरीवर येऊन म्हणाले, "बहनजी, युद्ध का काम है. आपके पति सरकारी नौकरी में हैं. सोच लीजिए." मी विचार करून रविवारपर्यंत थांबले. रविवारी पती आले. त्यांना सर्व सांगितले. ते जेवता जेवता म्हणाले, "विचार कायचा करून राहिली? कागद आण. पहिली सही माझी." त्यांनी उष्टा हात धुऊन सही केली. मजकूर मी नंतर लिहिला. इतर सेहेचाळीस जणांचे अंगठे व सह्या त्याच आठवड्यात झाल्या.

अर्जात आम्ही असेही लिहिले होते की कामगारांना घरे अवश्य मिळावीत. नाल्यापलीकडे खडकाळ माळ आहे. तेथे गवतही उगवत नाही. घरे तेथे व्हावीत.

सोमवार, ता. ११ ऑक्टोबर रोजी सकाळी नऊ वाजता दोन्ही अर्जांच्या चौकशीचे सरकारी साहेब जागा पाहण्यास आले. साहेब वऱ्हाडातून नुकतेच बदलून आले असल्याचे आम्हास माहीत नव्हते. शैलेंद्रबाबूंनाही नसावे. कंपनीने आदल्या दिवशी शेतांच्या पाळींवर मोजणीच्या खुंट्या ठोकल्या होत्या व माझ्या शेताच्या खालच्या अंगास, नाल्याच्या वाटेत, तंबू उभारला होता. तेव्हाच शेजारचे शेतकरी शालिग्राम पटेल यांनी त्यांस सांगितले होते, "बाबूजी, तंबू यहाँ मत गाड़िए, यह पानी का रास्ता है." त्यावर शैलेंद्रबाबू म्हणाले, "पानी हमसे पूछकर आएगा." हे ऐकण्यास मी व आणखी दहाबारा माणसे हजर होतो.

साहेब पाळीवर उभे राहिले. समोर दोनशे वीस एकर पाणी होते. शैलेंद्रबाबू इंग्रजीत बोलत होते. साहेब आपल्याशीच मराठीत म्हणाले, "हे तर तळं आहे."

मी म्हटले, "तळं नाही साहेब. शेत आहे. पाण्याखाली झाकून ठेवलं आहे."

साहेबांनी वळून पाहिले. म्हणाले, "तुम्ही मराठी? मग मला समजावून सांगा. आमच्या अकोल्याकडं आठ दिवस पाणी साचलं तर कपाशी सडते. तुम्ही तीन महिने साचवता ते काहून?"

मी सांगितले की पाण्याखाली तण कुजते व त्याचेच खत होते. माती लोण्यासारखी होते, नांगर फारसा लागत नाही. साहेब म्हणाले, "ऐकायला चांगलं आहे. पण मला दिसतं ते लिहावं लागतं."

आमची पाणी सोडण्याची वेळ अजून आठ दिवसांनी होती. लवकर सोडले व ऊन कडक पडले तर माती वर टणक होते आणि बी उगवत नाही. तसे झाले असते तर त्या शेताचे वर्ष गेले असते. रीत अशी की सर्वांत खालची बंधी आधी उघडायची, आणि खालची बंधी माझी आहे. मी शेजारी उभ्या असलेल्या सासऱ्यांकडे पाहिले. त्यांना दिसत नाही, तरी त्यांनी हात पुढे केला. मी त्यांच्या हातात कुदळ दिली.

पाळ फोडण्यापूर्वी मी शैलेंद्रबाबूंना तंबू काढण्यास सांगितले. साहेबांनीही सांगितले, "तंबू हलवा." शैलेंद्रबाबू हसले व खुर्ची आणून तंबूच्या दारात बसले. पहिली कुदळ सासऱ्यांनी मारली. पुढची शालिग्राम पटेलांनी व मी. ती वेळ साहेबांच्या घड्याळात दहा वाजून वीस मिनिटे होती.

पाणी सुटल्यावर तंबू, दोन खुर्च्या, नकाशांची पेटी व पाळीवरील काही खुंट्या नाल्याकडे गेल्या. शैलेंद्रबाबू वेळेवर उठले. त्यांस कोणी ढकलले नाही, शिवी दिली नाही, हात लावला नाही. पेटी शालिग्राम पटेलांनी नाल्यात उतरून काढून दिली. नकाशांची शाई पसरली होती. ते वाळवून देण्याची तयारी आम्ही दाखविली होती. तुम्ही हसला होता काय, असे विचारल्यावरून सांगते की, होय, हसले. संपूर्ण गाव हसले.

पाणी उतरेपर्यंत सासरे बंधीत उभे होते. पायाला लागेल तसे ते मोठ्याने सांगत होते. "गुडघ्याखाली आलं." मग, "पोटरीला." अडीचच्या सुमारास त्यांनी पाय उचलून परत ठेवला आणि म्हणाले, "शरयू, माती लागली."

तेव्हा साहेबांनी बूट काढले. मोजे काढून बुटांत ठेवले व शेतात उतरले. घोट्यापर्यंत रुतले. ओंजळभर माती घेऊन त्यांनी दाबली, वास घेतला. तण शोधले, मिळाले नाही. शालिग्राम पटेलांनी गेल्या सालचा गहू टोपलीत आणून दाखविला. साहेबांनी दाणा दाताखाली फोडला व विचारले, "याला हिवाळ्यात पाणी दिलं नाही?" शालिग्राम पटेल म्हणाले, "हुजूर, एक लोटा भी नहीं."

साहेब माखलेल्या पायांनीच पाळीवर बसून चारपर्यंत लिहीत होते. नंतर त्यांनी शेवटच्या ओळी आम्हास वाचून दाखविल्या. देशात धान्याची टंचाई असताना ही जमीन शेतीतून काढू नये, ही गव्हाची उत्तम जमीन आहे, क्वार्टरसाठी नाल्यापलीकडील माळ योग्य आहे, असा मजकूर होता. मी तो हिंदीत सांगितला. माझे सांगणे पूर्ण होण्याआधीच शालिग्राम पटेल चिखलात मांडी घालून बसले व बराच वेळ उठले नाहीत. बायकांनी एकमेकींना चिखल लावला. माझ्या तोंडालाही लावला. होळीलाही एवढा गलका आमच्याकडे होत नाही. सासरे सर्वांना विचारीत होते, "काय लिहिलं? परत सांगा." त्यांना मी तीन वेळा सांगितले. ऐकू मात्र त्यांना चांगले येते.

शनिवार, ता. १६ रोजी हुकूम लागला. कंपनीचा अर्ज आमच्या जमिनीपुरता नामंजूर झाला आहे. हुकमाची नक्कल सोबत हजर केली आहे. पतींना मी निरोप पाठविला होता. ते कारखान्यातील कामाची पाळी संपवून, सात मैल सायकलने आले. फाटकातून आत न येता आधी शेतावर गेले.

तंबू व नकाशे वाहून गेल्याबद्दल कंपनीची फिर्याद त्यानंतर, काल सोमवारी दाखल झाली आहे. घटनेस तेव्हा सात दिवस झाले होते. ही बाब नमूद करावी.

पाळ कोणी फोडली, त्यांची नावे सांगा, असे विचारल्यावरून सांगते की, पहिली माझी बंधी. तिच्यामागून त्याच आठवड्यात गावातील सर्व बंध्या आम्ही सत्तेचाळीस जणांनी उघडल्या. सर्वांची नावे सांगण्यास तयार आहे. कागद पुरेल असे पाहावे. माझे एकटीचे नाव लिहावे, अशी माझी विनंती नाही.

पुढील साली पुन्हा पाणी सोडणार काय, असे विचारल्यावरून सांगते की, होय. त्यापुढील सालीही.

ऊन कडक पडले नाही. माती अद्याप मऊ आहे. उद्या सकाळी माझ्या शेतात हरभरा पेरायचा आहे व बैल शालिग्राम पटेलांनी देऊ केले आहेत. तरी उद्या मला ठाण्यावर बोलावू नये. परवाही नको, परवा त्यांची पेरणी आहे.

हा जबाब पुंडलिक यांनी ओळीवर बोट ठेवून मला मोठ्याने वाचून ऐकविला. मी बोलले तेच यात उतरले आहे, कोणाच्या सांगण्यावरून किंवा भीतीने काही घातलेले वा गाळलेले नाही. म्हणून खाली सही करते.

सही : शरयू श्रीरंग सुभेदार

समक्ष : हे. कॉ. पुंडलिक